आबांनी ऐकलेली श्रद्धांजली

“आबांच्या जाण्याने सगळ्या पंचक्रोशीवर शोककळा पसरली आहे, पूर्णविराम,” एवढं मी वाचलं आणि आतल्या खोलीतून आबांनी विचारलं, “कोन गया वं?”

बैठकीत आबांचे दोन्ही मुलगे होते, थोरली सून होती, पाचोऱ्याहून आलेला जावई होता. जावयाने चहाची बशी ओठांपर्यंत नेली होती, ती तिथेच राहिली. माझ्या हातात कागद होता. कोणी कोणाकडे बघेना.

“आयकू येत नही का? कोन गया?”

धाकटा मुलगा उठून दारापर्यंत गेला. “कोनी नही आबा. टीव्ही चालू शे.”

मला वाटलं, निभावलं. मग आबा म्हणाले, “मन्हा मोसंबीना मळा टीव्हीमा कसा उना?”

म्हणजे त्यांनी सुरुवातीपासून ऐकलं होतं. कागदावर मोसंबीचा मळा वरती होता, शोककळा अगदी शेवटी.

हे भडगाव तालुक्यातल्या एका गावात घडलं. आबा ऐंशीच्या पुढचे. जळगावच्या दवाखान्यातून त्यांना नुकतंच घरी आणलं होतं. डॉक्टर मुलांना म्हणाले होते, घरी न्या, सेवा करा. हे शब्द कानावर पडले की आमच्याकडे माणसं रडायला लागतात आणि पाहुण्यांना फोन करतात. आबांना मात्र सांगितलं होतं की तब्येत सुधारली म्हणून सुट्टी दिली. घरातला प्रत्येक जण ते जपत होता. लेकीला रडू आलं की ती गोठ्यात जाऊन रडून यायची. भेटायला आलेल्यांना दारातच बजावलं जात होतं, आत हसून बोला. मलाही बजावलं होतं. मी मान हलवली होती.

मला बोलावलं होतं जीवनपटासाठी. गंधमुक्तीच्या दिवशी, म्हणजे दिवसकार्याला, गेलेल्या माणसाची सगळी माहिती मंडपात वाचून दाखवतात: जन्म कुठला, कष्ट किती केले, मुलं कुठे कुठे लागली. हल्ली ती फोटोसकट चकचकीत कागदावर छापूनही वाटतात. असे जीवनपट मी लिहून देते. थोरला मुलगा फोनवर म्हणाला होता, “अक्का, नंतर फार धावपळ होते. तुम्ही आत्ताच लिहून ठेवा. तारखेची जागा तेवढी मोकळी सोडा.” जिवंत माणसाचं लिहायचं म्हणून मला काही वाटलं नाही. याआधीही लिहिलं होतं. हातात वेळ असला की काम नीट होतं, असंच मी म्हणायची.

मी मागच्या अंगणात बसून हळू आवाजात माहिती विचारली. लिहिलंही तिथेच. मग बैठकीत आले आणि वाचायला लागले.

वाचून दाखवायची काही गरज नव्हती. कागद थोरल्याच्या हातात दिला असता तर त्याने मनात वाचला असता. पण लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय मी देत नाही. ही सवय कुठली, ते सांगायला हवं. एका मंडळाने त्यांच्या स्मरणिकेसाठी माझी व्यावसायिक पार्श्वभूमी लिहून मागितली आहे. ‘स्वतंत्र लेखन व संपादन’ या सदरात मला घातलं आहे. बाकीच्यांच्या पार्श्वभूमीत पदव्या असतील. माझ्यापाशी चौथी पास आणि हे आहे.

माझं लग्न धुळ्यात झालं. नवरा एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. त्याच गल्लीत आमची एक खोली होती. मी आधी छापखान्यात कागदाच्या घड्या घालायला आणि शिवायला जायची. पुढे नवऱ्याची नजर अधू झाली. प्रूफ तपासायचं म्हणजे एकाने मूळ कागद वाचायचा आणि दुसऱ्याने छापलेल्यावर नजर फिरवायची. मालकांनी मला वाचायला बसवलं. म्हणाले, “वाचता येतं ना? मग अर्थ नाही कळला तरी चालेल, जे आहे ते वाच.” शेजारी यंत्र धडधडत असायचं. साध्या आवाजात वाचलं तर समोरच्याला ऐकू जात नसे. म्हणून मी ओरडून वाचायला शिकले. स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, सगळं तोंडाने म्हणायचं. लग्नपत्रिका, सोसायटीचे अहवाल, निवडणुकीची पत्रकं, कीर्तनाच्या जाहिराती. गल्लीतल्या बायका हसायच्या. म्हणायच्या, तुझा नवरा भाग्यवान, तुझी भांडणंसुद्धा विरामचिन्हांसकट होत असतील.

वाचता वाचता कुठे काय खटकतं ते कळायला लागलं. एक वाक्य लांब झालं की माझा दम संपायचा. मी मालकांना सांगायची, इथे तोडा. ते तोडायचे. पुढे लोक अर्धवट मजकूर घेऊन यायचे तेव्हा मालक म्हणायचे, बाईंना दाखवा, त्या नीट करतील. माझं संपादन म्हणतात ते असं सुरू झालं. मग कॉम्प्युटर आले, खिळे भंगारात गेले आणि छापखान्यात फ्लेक्सचे बोर्ड निघायला लागले. नवरा गेला. मी मुलाकडे जळगावला आले. तोवर लोकांना माझं नाव ठाऊक झालं होतं. निरोप समारंभाची भाषणं, मानपत्रं, निवृत्त मास्तरांच्या आठवणींची पुस्तकं, कवितासंग्रहांच्या प्रस्तावना, सगळं घरबसल्या यायला लागलं. सगळ्यात जास्त आले ते मेलेले. दर माणसाला एक जीवनपट लागतो आणि घरच्यांना त्या वेळी शब्द सुचत नाहीत.

शब्द माझ्याकडे तयार असायचे. मनमिळाऊ. कष्टाळू. परखड पण प्रेमळ. अतिथी देवो भव मानणारे. अध्यात्माची ओढ. एखाद्याला दारूची ओढ असली तरी मी अध्यात्माची लिहायची, कारण घरच्यांनाही तेच हवं असतं. कागद वाचायला लागले की माझा आवाज आपोआप यंत्राच्या वर चढतो. यंत्र बंद पडून किती वर्षं झाली, पण आवाज काही खाली आला नाही. त्या दिवशी आतल्या खोलीत माणूस आहे, त्याला यातलं काही कळता कामा नये, हे मला माहीत होतं. वाचायला लागल्यावर ते डोक्यातून गेलं. माझ्या मनात एवढंच होतं की संध्याकाळच्या आत हा कागद जावयाबरोबर पाचोऱ्याच्या टायपिंगवाल्याकडे पोचायला हवा.

आबांच्या बायकोला घरात जिजी म्हणत. त्या आबांच्या उशाशीच बसलेल्या होत्या. त्या बाहेर आल्या, माझ्याकडे एकदा बघितलं आणि दार लावून घेतलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. थोरली सून म्हणाली, “अक्का, हळू वाचायचं ना हो.” जावई म्हणाला, “आता काय उपयोग.” धाकटा मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी कागद पिशवीत घातला आणि एसटी धरून जळगावला आले. मुलाने विचारलं, झालं का काम? मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्याचा फोन आला. आवाज तुटलेला होता. “अक्का, आबांनी तोंड मिटून घेतलंय. कालपासून पाण्याचा थेंब नाही. चमचा पुढे केला की मान फिरवतात. म्हणतात, ज्याचं लिहून झालं त्याला जेवायला कशाला घालता.”

मी फोन दुसऱ्या कानाला नेला.

“तुम्हाला बोलावतायत,” तो म्हणाला. “ती बाई आणा म्हणतात.”

जावंसं वाटत नव्हतं. अंगात ताप आहे असं सांगावं, असं मनात आलं. मग विचार केला, तो माणूस उपाशी गेला तर तो माझ्यामुळे गेला असं होईल आणि मला ते जन्मभर ठाऊक राहील. मी गेले ते त्यांच्यासाठी गेले की स्वतःसाठी, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. रेल्वेने पाचोरा, तिथून जीप. गावात उतरले तेव्हा पारावरच्या माणसांनी बोलणं थांबवलं. एक जण मागून मोठ्याने म्हणाला, “आते कोनं लिखाले उनी रे?” बाकीचे हसले. मी मागे बघितलं नाही.

आबा खाटेवर पडून होते. अंगावर गोधडी, दाढी वाढलेली, ओठ सुकलेले. जिजी पंख्याने वारा घालत होत्या. मुगाच्या पाण्याची वाटी तशीच झाकून ठेवलेली होती. मी दाराशी उभी राहिले.

“बस,” आबा म्हणाले. “वाच.”

मी म्हणाले, “आबा, चुकलं माझं. तो कागद मी फाडून टाकते.”

“फाडू नको. वाच.”

मी पिशवीतून कागद काढला आणि अगदी हळू वाचायला लागले.

“जोरमा वाच,” ते म्हणाले. “काल तं आख्खं गाव आयकत व्हतं.”

दारात मुलगे, सुना, शेजारपाजारचे जमले होते. मी मोठ्याने वाचलं. जन्म गरीब शेतकरी कुटुंबात झाला, लहान वयात वडिलांचं छत्र हरपलं, तिथपर्यंत ते डोळे मिटून ऐकत होते. ‘मनमिळाऊ स्वभावाचे’ आलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

“मनमिळाऊ कोन? मी?”

मी त्या शब्दावर बोट ठेवलं.

पंखा थांबवून जिजी म्हणाल्या, “मनमिळाऊ! इतला वरीस मी यास्ना संगे ऱ्हायनू, माले नही सापडनं यास्नं मन.”

दारातली एक सून हसली आणि तिने लगेच तोंडाला पदर लावला. मला हसू आलं नाही. तो शब्द मी पिशवीतून काढावा तसा काढून कागदावर ठेवला होता. त्या घरातल्या कोणी तो उच्चारलाही नव्हता.

पुढे अध्यात्माची ओढ आली. आबा थोरल्याकडे बघून म्हणाले, “हाई तू सांगं का?” थोरला खाली बघायला लागला. आबा तरुणपणी गावोगाव वहीगायनाला, म्हणजे डफावर कथा-गाणी म्हणायला जायचे, रात्र रात्र डफ वाजवायचे, हे मला धाकट्याने सांगितलं होतं. ते मी लिहिलंही होतं. थोरला म्हणाला होता, डफ नको, बरं दिसत नाही, पाहुणे मोठे मोठे येणार आहेत. मी डफ खोडून अध्यात्म घातलं होतं. खोडताना मला काही वाटलं नव्हतं. लांब वाक्य तोडावं, तसं तोडलं होतं.

शेवटी शोककळेपाशी आले. आबांनी हात वर केला.

“पंचक्रोशीमा कोन कोन रडी? नावं सांग.”

पंचक्रोशी मी प्रत्येक कागदावर रडवली होती.

“खरं सांग,” ते म्हणाले. “डाक्टर काय बोलना?”

मी थोरल्याकडे बघितलं. त्याने मान हलवली नाही आणि नकारही दिला नाही. आता लपवण्यासारखं काही शिल्लक नव्हतं. मी म्हणाले, “घरी न्या म्हणाले.”

“आनि?”

“सेवा करा म्हणाले.”

आबा मुलांकडे वळून म्हणाले, “सेवा म्हनजे हाई का?” धाकटा रडायला लागला. त्याच्या मागे लेक रडायला लागली, या वेळी गोठ्यात न जाता, तिथेच. मी कागद हातात धरून बसले होते.

सगळ्यांचं रडून होऊ देऊन जिजींनी वाटीवरचं झाकण काढलं. “बठ्ठासनं रडी व्हयनं व्हई तं आते दोन घोट ल्या.”

“मरनारा मानूसले मूगनं पानी काबरं पाजतस?” आबा म्हणाले. “माले कळनानी भाकर दे. आनि ठेचा.”

कळण्याची भाकरी म्हणजे ज्वारी आणि अख्खे उडीद दळून केलेली, आमच्याकडची रोजची. आजारी माणसाला ती कोणी देत नाही. सगळे एकदम बोलायला लागले. थोरला म्हणाला, डॉक्टरांनी तिखट-मीठ बंद सांगितलंय. जावई म्हणाला, आधी डॉक्टरांना फोन लावा. सून म्हणाली, निदान दुधात कुस्करून द्या. कोणी म्हणालं, शेवटची इच्छा आहे, देऊन टाका. हे वाक्यही आबांनी ऐकलं. आता त्या घरात कोणाला हळू बोलायचं भान राहिलं नव्हतं. ते मीच घालवलं होतं.

जिजींनी कोणाला विचारलं नाही. त्या उठल्या, चुलीपाशी गेल्या. थोड्या वेळाने भाकरी थापल्याचा आवाज आला, मग मिरच्या भाजल्याचा ठसका आला आणि आम्ही सगळे खोकायला लागलो. आबाही खोकले. खोकताना त्यांना धाप लागली, तेव्हा थोरल्याने माझ्याकडे असं बघितलं की मी पदर तोंडात कोंबला.

भाकरी आली. जिजींनी तुकडा मोडून, ठेचा लावून त्यांच्या तोंडाशी धरला. आबांनी तोंड उघडलं. दात नव्हते, बराच वेळ चघळत बसले. मग पाणी मागितलं. भांडं स्वतःच्या हातात घेतलं, अर्धं सांडलं, अर्धं प्याले. दुसरा तुकडा मागितला. भाकरी फार खाल्ली नाही, पण खाल्ली. मग माझ्याकडे वळले.

“डफनं लिखी ले,” म्हणाले. “आनि मनमिळाऊ काढ.”

मी तिथेच बसून लिहिलं. वाचून दाखवलं. त्यांनी आणखी काढायला लावलं, आणखी घालायला लावलं. मळ्यात विहीर खणली ते घाल म्हणाले, मग विहिरीचं श्रेय भावालाही दे म्हणाले, मग नको, भाऊ फक्त विडी ओढत बसला होता म्हणाले. स्वतःचं कौतुकही त्यांनी कमी करून घेतलं नाही. बैलांच्या शर्यतीतला त्यांचा पहिला नंबर मी लिहिला नव्हता म्हणून चिडले. शेवटी दमले आणि झोपले. जिजी मला म्हणाल्या, “आते जा तू. उद्या नको येऊ.”

मी पुन्हा गेले नाही. कागद थोरल्याकडे ठेवून आले. त्याने तो छापायला दिला नाही.

आबा आठवडाभरात उठून बसले. पोळ्याला काठी टेकत बैलांपाशी जाऊन उभे राहिले. डॉक्टरांचा अंदाज चुकला की माणसांनी त्यांच्या शब्दांचा भलताच अर्थ घेतला, मला माहीत नाही, आणि ते सांगायचा मला अधिकार नाही. भाकरीने उठले की हट्टाने, तेही माहीत नाही. गावात मात्र गोष्ट पसरली की एका बाईने मरण वाचून दाखवलं आणि म्हातारा रागाने जगला. लोक ती हसत हसत सांगतात. काही जण माझ्यासमोरच सांगतात आणि वर म्हणतात, अक्का, तुम्ही वाचवलं त्यांना. त्या वेळी मला तिथून उठून जावंसं वाटतं. मी वाचवलं नाही. एक घर जी गोष्ट छातीशी धरून लपवत होतं, ती मी खणखणीत आवाजात, विरामचिन्हांसकट, त्या माणसाच्या कानावर घातली. तो तोंड मिटून पडला, तेव्हा त्याला काय वाटलं असेल ते त्याने कोणाला सांगितलं नाही. ती रात्र जिजींनी त्याच्याबरोबर काढली. मी जळगावला माझ्या अंथरुणावर होते.

त्यानंतर मला जीवनपटाचं काम आलं की मी आधी विचारते, माणूस गेला का? लोकांना राग येतो. फोन ठेवतात. माणूस जिवंत असताना मी लिहीत नाही. वाचून दाखवते ते अंगणाबाहेर, रस्त्यावर उभं राहून. काम कमी झालं आहे. मुलगा म्हणतो, बंद कर आता. पण मनमिळाऊ हा शब्द आला की मी अजून थांबते आणि घरच्यांना विचारते, कोणाशी? बहुतेक वेळा उत्तर येत नाही. तरी कधी कधी मी तो लिहून टाकते. सवय पूर्ण गेलेली नाही, खोटं कशाला सांगू.

मागच्या उन्हाळ्यात दोंडाईचाला एका लग्नात आबा भेटले. पंगतीत मी पानावर बसले होते. त्यांनी लांबूनच ओळखलं आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं ओरडले, “ये वं, मन्हं मरन लिखनारी बाई!” पंगत वळून बघायला लागली. शेजारच्या बाईने विचारलं, काय म्हणतायत ते? मी म्हणाले, काही नाही, ओळखीचे आहेत. जिजी त्यांच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी आबांना दंडाला धरून पुढे नेलं. माझ्याकडे बघून त्या हसल्या नाहीत. मला तेच बरोबर वाटलं.

स्मरणिकेच्या मंडळाने पार्श्वभूमीबरोबर एक उल्लेखनीय काम लिहायला सांगितलं आहे. मी हे लिहिलं आहे. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

आबा जिवंत आहेत. जिजीही आहेत. आणि मीही आहे.